वाक्यात उपयोग

मांडवामागे खाटकाने दुसऱ्या बकऱ्याचे पाय दाबून धरले होते. त्याच वेळी नवरदेवाच्या आईने, भामाने, कपाटातून काढून आणलेले पत्र प्रभाकर मास्तरांच्या हातात कोंबले आणि माइक त्यांच्या तोंडापुढे धरला.

"वाचा, मास्तर. कंपनीनं माज्या जगनला काय लिवलंय ते सगल्यांना ऐकू दे."

बकऱ्याचा आवाज मध्येच तुटला. मास्तरांनी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसला. चारचौघांत वाचायचे म्हटले की अजूनही त्यांना भीड वाटायची. शाळेत बत्तीस वर्षे इंग्रजी शिकवूनही ती गेली नव्हती.

हळदीसाठी जगन पाटावर बसला होता. न्हावा शेवाच्या रस्त्यावरच्या एका कंटेनर यार्डात तो गेटवरच्या गार्डांचा मुकादम होता. बायका त्याला घेरून उभ्या होत्या आणि त्यांच्या पुढे उखळापाशी मैना बसली होती. मैना धवलारीण. तिने धवले गाऊन विधी चालवल्याशिवाय गावात कुणाला हळद लागत नसे. आठ महिन्यांपूर्वी यार्डाच्या गेटवर ड्रायव्हरांचा संप मोडला गेला, तेव्हा संपात असलेल्या तिच्या मुलाचा, प्रणितचा, डावा डोळा गेला होता. संपवाल्यांतूनच आलेला दगड लागला, असे जगनने सांगितले होते. त्यानेच प्रणितला पनवेलच्या दवाखान्यात पोचवले होते. म्हणून आज मैनाने गाण्याबद्दल मिळणारे लुगडेसुद्धा नको म्हटले होते.

मास्तरांनी पहिल्या कागदावरची मोठी अक्षरे वाचली. "एक्सीड्स एक्स्पेक्टेशन्स."

"म्हंजे?" भामाने विचारले.

"अपेक्षा असते, तिच्याही पलीकडे काम करणे. उत्तम शेरा आहे."

शिट्ट्या झाल्या. जगनचा दोस्त दीपेश खुर्चीवर चढून ओरडला, "सर, नुसत्या अर्थाला अर्धाच मार्क! वाक्यात उपयोग?"

मांडव हसला. मास्तरांच्या हाताखालून गेलेला प्रत्येक जण ते वाक्य ऐकत मोठा झाला होता. मास्तरही कसेबसे हसले आणि वाक्य सुचेपर्यंत वेळ जावा म्हणून त्यांनी दुसरा कागद उलटला.

तिथे संप मोडला त्या दिवसाची तारीख होती. खाली अधिकाऱ्याने चार ओळी लिहिल्या होत्या. जमावाचा म्होरक्या प्रणित याला जगनने पहिल्याच मिनिटात काठीने तोंडावर मारून आडवा केला. पडल्यावरही दोनदा मारले. त्यामुळे बाकीचे पळाले. गेट मोकळे व्हायला तीन तास धरले होते, ते अकरा मिनिटांत झाले.

मास्तरांनी वर पाहिले. जगन त्यांच्याकडेच बघत होता. त्याने नको म्हणून मान अगदी थोडी, एकदाच हलवली.

"राम पास होईल अशी अपेक्षा होती," मास्तर माइकमध्ये म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "त्याने पहिला वर्ग मिळवला. म्हणजे त्याने अपेक्षा एक्सीड केली."

टाळ्या पडल्या. भामाने डोळ्यांना पदर लावला. मास्तर कागदांची घडी घालू लागले, तेवढ्यात मैना उठून त्यांच्यापुढे आली.

"बगू."

"इंग्लिश आहे, मैनाबाई."

"ठाव हाय." तिने कागद ओढून घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि बोट फिरवत फिरवत एका जागी थांबवले. "आठ महिने दवाखान्याचे कागद हातात हायत माज्या. एवढा एक शब्द वलखाया येतो मला. हा माजा पोरगा. ह्यो इथं काय करतोय, मास्तर?"

मास्तरांनी जगनकडे पाहिले.

जगन पाटावरून उठला. त्याची पहिली चपराक मास्तरांच्या कानावर बसली आणि चष्मा उडाला. दुसरा ठोसा तोंडावर आला. मास्तर मांडवाच्या खांबावर आपटून खाली बसले. जगनने त्यांच्या बरगडीत लाथ घातली, परत घातली. कोणी पुढे झाले नाही. दीपेशने हलक्या हाताने माइकची वायर काढून टाकली.

"त्यात काय नाय! म्हातारा चळलाय!" जगन ओरडत होता. कागद हिसकावायला तो मैनाकडे वळला, तेव्हा भामा मध्ये शिरली. त्याने आईला ढकलले. ती उखळावर पडली आणि तिचे कपाळ फुटले. आईचे रक्त बघून तो जागच्या जागी थांबला.

मैनाने कागद मास्तरांच्या मांडीवर ठेवला.

"वाचा."

चष्म्याची एक काच शिल्लक होती. ती धरून मास्तरांनी वाचले, एकेक ओळ, मराठीत, पुटपुटल्यासारखे. पडल्यावरही दोनदा, हे वाचताना ते थांबले. मैनाने मान हलवली, तसे पुढे गेले. माइक नव्हता, पण मांडवात सगळ्यांना ऐकू गेले.

"झालं?"

"झालं. खाली सही आहे."

"मला येवढं वाटलंच होतं," मैना म्हणाली. "त्याच्या काठीला लागलेलं केस प्रणितच्या मित्रानं बगितलं होतं. पण दवाखान्यात घेऊन गेला ना, म्हून मन मारलं."

भामाने कपाळ दाबून धरत तिचे पाय पकडले. "मैने, आजचा दिस गा. उष्टी हळद हितनं नवरीकडं, रंजिताकडं जायचीय. उद्या लगीन हाय."

"पाय सोड. डोक्याला फडकं बांद आदी."

मैनाने स्वतःच्या पदराची पट्टी फाडून भामाच्या कपाळाला घट्ट बांधली. मग ती मास्तरांच्या काखेत हात घालून त्यांना उठवू लागली.

"चला. चिरनेरला, रंजिताच्या बापाकडं."

"मी?" मास्तरांनी रक्त गिळले. "मी कशाला? तिथं मला कोण ओळखतं? आणि मी नीट..."

"हितं तुमी खोटं वाचलंत पयलं. तिथं पयलंच खरं वाचा."

जगन पाटाजवळ उभा होता. हात खाली लोंबत होते. वाटेत आलेल्या माणसांनी बाजूला होऊन जागा दिली.

रस्त्यावर रिक्षा उभी होती. मास्तर वाकडे होऊन आत बसले, त्यांच्या शेजारी मैना. रिक्षावाल्याने आरशातून त्यांच्या तोंडाकडे बघितले.

"दवाखान्यात ना, काका?"

मास्तरांनी मैनाकडे पाहिले. ती समोर बघत होती. त्यांनी बाहेर वाकून थुंकी टाकली. तिच्याबरोबर दात पडला.

"चिरनेर," ते म्हणाले.