अळीमिळी गुपचिळी

ग्वेंडाने शेजारच्या सीटवरची पिशवी उचलली आणि तिच्याखाली वायरलेसचा माइक सापडला. थर्मास, गोळ्यांचा डबा, अर्धवट विणलेला स्वेटर असं काय काय कोंबलेली ती पिशवी सकाळपासून त्याच्यावर ठाण मांडून बसली होती. माइकचं बटण आत दबलेलं होतं. आपण बोलत असताना लागतो तो लाल दिवा समोरच्या खोक्यावर लागलेला होता. पिशवीचं ओझं निघालं तसा तो विझला, आणि इतका वेळ मुकं राहिलेलं खोकं एकदम खरखरलं.

"डावीकडून घे रे, डेस. मुळं आहेत तिथं," क्लबच्या म्होरक्याचा, रॉसचा, आवाज आला.

ती पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. बाहेर नदीकाठच्या झाडांखाली क्लबच्या कॅरव्हॅन, गाडीमागे ओढायची ती चाकांवरची घरं, एकेक करून जागा धरत होत्या. सकाळी डेनिलिक्विन गाव सोडल्यापासून आपला वायरलेस बिघडलाय, अशीच तिची समजूत होती. एरवी ताफा चालू लागला की त्या खोक्याला दम नसतो. मागून ट्रक येतोय, पुढे रस्त्यात एमू उभे आहेत, अमक्याची खिडकी उघडी राहिलीय, आणि मधूनमधून डेसचे शिळे विनोद. आज सगळं चिडीचूप होतं. पण त्या यंत्राची रीतच अशी, की जो बोलतो त्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. बिघाड नव्हताच. सकाळपासून तीच बोलत होती, आणि 'हे' गावाच्या सपाट माळावर आवाज अडवायला ना टेकाड ना झाड.

बोलत होती ती क्लाइव्हशी. तिचा नवरा जाऊन दीड वर्ष झालं होतं. हा क्लब त्यानेच काढला, त्यानेच वाढवला. कोणाचं चाक पंक्चर होवो, कोणाचा पंप अडो, क्लाइव्ह हातातला बिअरचा डबा खाली ठेवून पहिला धावायचा. देवमाणूस, असंच सगळे म्हणत. नवरा गेला की बाईने व्हॅन विकायची आणि नाताळला कार्ड पाठवत राहायचं, हा क्लबचा शिरस्ता. ग्वेंडाने तो मोडला. सत्तरीच्या उंबऱ्यावर क्लास लावून ती व्हॅन ओढायला शिकली आणि आज पहिल्यांदा स्वतः चालवत आली होती, ताफ्यात सगळ्यांच्या मागे. शेजारची सीट रिकामी होती, आणि रिकाम्या सीटशी बोलायची तिला अलीकडे सवयच लागली होती.

"आज तुझ्या नावाचा कप द्यायचाय मला," अशी तिने सुरुवात केली होती. मग जीभ सैल सुटली. ती सुरुवातीला नुसती कुरकुरली. वाटेत चहाचा थांबा झाला, तेव्हा सगळे रॉसच्या गाडीपाशी कोंडाळं करून उभे होते आणि ही येताच पांगले. वाऱ्याबद्दल काही ठरवत असतील असं तिला वाटलं. ती परत गाडीत बसली, आणि खरं काय ते त्या थांब्यानंतरच बोलली. इचुका गावच्या मुक्कामात घडलेलं बोलली. व्हॅन मागे घेताना तिचा इशारा उशिरा झाला, दिवा झाडाला लागून फुटला. क्लाइव्ह हसत हसत उतरला, सगळ्यांदेखत म्हणाला, "जाऊ दे गं, काचच ती!" तिच्या खांद्यावर हात टाकून तिला आत घेऊन गेला. दार लावलं, आणि तिचा हात कपाटाच्या फटीत धरून कपाटाचं दार लोटलं. एकदा नाही.

ते बोट अजून वाकडं होतं. ते तिने आत्ता दुसऱ्या हाताने झाकलं.

पहिल्यांदा तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांनी ऐकलं असणार. मग भीतीच्या मागून हळूच दुसरंच काही आलं आणि त्याची तिला फार लाज वाटली. तिला वाटलं, ऐकलं असेल तर बरंच झालं. आता कोणीतरी येईल. दारावर टकटक करील, काही बोलणारही नाही, नुसतं येऊन बसेल. इतकी वर्षं जे आपल्या तोंडून निघालं नाही ते एका पिशवीने सांगून टाकलं.

तिने व्हॅन लावली, व्हॅनचे लोखंडी पाय जमिनीला टेकवले, पाण्याची नळी जोडली आणि दार सताड उघडं ठेवून ती पायरीवर बसली.

कोणी आलं नाही.

म्हणजे आले, पण ते तसे नाही. रॉसने लांबूनच हात केला. "झकास लावलीस गं व्हॅन! क्लाइव्ह असता तर छाती फुगली असती त्याची." एकीने केक आणून दिला आणि उभ्याउभ्या पाऊसपाण्याचं बोलून ती गेली. कोणाच्या बोलण्यात काही वेगळं नव्हतं. कदाचित ऐकलंच नसेल. जुनाट खोकं ते, लाल दिवा लागतो म्हणून आवाज जातोच असं थोडंच आहे?

ओळखायला एक खूण होती. दिवसभरात जो मोठी घोडचूक करील त्याने संध्याकाळच्या बैठकीत रबरी कोंबडीची टोपी घालून बसायचं, असा क्लबचा नियम होता. माइक चालू राहणं ही तर घोडचुकांची राणी. डेसने एकदा सबंध ताफ्याला अंघोळीतली गाणी ऐकवली होती, तेव्हा ती कोंबडी आठवडाभर त्याच्या डोक्यावर होती. इचुकालाही टोपी ग्वेंडाला मिळाली होती. व्हॅन जोडायच्या हुकात बोट अडकवून घेतलं म्हणून. तसंच सांगितलं होतं तिने सगळ्यांना. आता टोपी आली तर त्यांनी काहीबाही ऐकलं आणि हसण्यावारी नेलं. नाही आली तर एक तर काहीच ऐकलं नाही, नाही तर सगळंच ऐकलं.

दुपारी मैदानात कपाची स्पर्धा झाली. नवऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची, बायकोने शेजारी बसून सांगायचं, आणि दोन खांबांच्या मधून व्हॅन मागे न्यायची. क्लाइव्ह या खेळाला विश्वासाची परीक्षा म्हणायचा. लोक बघत असायचे म्हणून त्या परीक्षेत तो कधी आवाज चढवत नसे, आणि बक्षीसही बहुतेक त्यांनाच मिळे. यंदा डेस आणि हेझल जिंकले. हेझल गाडीतून उतरली ती नाचतच.

"बघितलंस ना ग्वेन? हा माणूस माझं ऐकतो, तेही फक्त डोळे बांधल्यावर!"

सगळे हसले. ग्वेंडाही हसली. हेझल तिची क्लबातली सगळ्यात जवळची मैत्रीण. व्हॅन नेहमी शेजारी शेजारी. आज ताफ्यात हिच्या पुढची गाडीही त्यांचीच होती.

बैठकीच्या आधी पावाला लोणी लावायला म्हणून हेझल ग्वेंडाच्या व्हॅनमध्ये आली. दोघी छोट्या टेबलाशी समोरासमोर बसल्या. हेझल आपल्या सुनेबद्दल बोलत होती. ग्वेंडाने मध्येच विचारलं,

"आज टोपी कोणाला?"

हेझलची सुरी थांबली. "आज कोणाला नाही म्हणे. रॉस म्हणाला, कपाचा दिवस आहे, उगाच कशाला थट्टा."

"हेझल, माझा माइक चालू होता."

हेझलने पावाचा तुकडा खाली ठेवला आणि दुसरा घेतला. "असेल गं. लागतो कधीकधी."

"तुमची गाडी माझ्या पुढे होती. कोणाचा माइक अडकला की पुढच्याने ब्रेकचे दिवे मारायचे असतात. डेसने का नाही मारले?"

"मारणारच होता तो. मीच अडवलं त्याला." हेझलचा आवाज खाली आला. "म्हटलं, बोलू दे तिला. मोकळी होईल."

"मग थांब्यावर तरी सांगायचं."

"थांब्यावर रॉस म्हणाला, कोणी काही ऐकलेलं नाही. सगळे हो म्हणाले. तुझ्याच भल्यासाठी गं, तुला तोंड लपवावं लागू नये म्हणून. चॅनेल बदला असंही सांगितलं त्याने."

"बदललंत?"

हेझल लोणी लावत राहिली. पावाच्या कडेपर्यंत, अगदी कोपऱ्यात. ग्वेंडाला उत्तर मिळालं. अळीमिळी गुपचिळी करून सगळे आपापल्या गाडीत बसले होते, आणि मग इचुकाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकली होती.

"म्हणजे आता तुम्हाला कळलं," ती म्हणाली. तिला वाटत होतं त्यापेक्षा हे बोलणं सोपं गेलं. "तो कसा होता ते."

"अगं, त्यात आम्हाला नवीन काय होतं?"

हेझल बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण बाण सुटला होता.

नदीवर कोणीतरी कुत्र्याला हाका मारत होतं.

"व्हॅनच्या भिंती काय गं," हेझल शेवटी म्हणाली, "पत्रा आणि पुठ्ठा. शेजारी राहून कळणार नाही होय?"

"इचुकाला?"

"मी रेडिओ मोठा केला. पलीकडच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. तुझीच अब्रू झाकली ना मी!" हेझलचे डोळे भरून आले होते, आणि ग्वेंडाला त्या पाण्याचा इतका संताप आला की तिने टेबलाची कड घट्ट धरली. "तू कधी बोलली नाहीस, ग्वेन. दर वेळी काहीतरी सांगायचीस, हुकात अडकलं, पायरीवरून पडले. मग आम्ही तरी काय करणार? नवरा-बायकोच्या मध्ये कोण पडतं?"

"टोपी तूच घातलीस मला त्या दिवशी."

"सगळे हसले तर तुला हलकं वाटेल म्हटलं. हसलीस की तूही."

हसली होती खरी. कोंबडी डोक्यावर, बोट फडक्यात, आणि ती हसत होती. आपण किती छान लपवतो याचा तिला इतकी वर्षं एक प्रकारचा अभिमान होता. गालावर पावडर थापायची, लांब बाह्यांचे कपडे घालायचे, वेळेवर थट्टा करायची. ती सगळी मेहनत आंधळ्यांसमोर केली असं तिला वाटत होतं. ते आंधळे नव्हते. तिला लपवता येत नव्हतंच. ते सगळे मिळून तिला लपवू देत होते.

बाहेर रॉसने पातेलं बडवलं. बैठकीची वेळ झाली.

घडीच्या खुर्च्या गोल मांडलेल्या होत्या. ज्याची त्याची बर्फाची पेटी ज्याच्या त्याच्या पायाशी. मध्ये जाळीवर सॉसेज चरचरत होती. रॉसने खाकरून भाषण सुरू केलं. क्लाइव्हसारखा माणूस होणे नाही, म्हणाला. त्याच्याकडून आपण काय शिकलो, तर एकमेकांच्या मदतीला धावायचं. दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. एक बाई डोळे पुसू लागली. ग्वेंडा त्या चेहऱ्यांकडे एकेक करून बघत होती. आज सकाळीच ज्यांनी तिचं बोट कसं मोडलं ते ऐकलं होतं, तेच हे. कोणीही नजर चुकवत नव्हतं. सगळे तिच्याकडे प्रेमाने बघत होते.

"आणि आता हा कप," रॉस म्हणाला, "आपल्या ग्वेंडाच्या हस्ते."

ती उठली. कप जड होता, त्यावर क्लाइव्हचं नाव नवीन कोरलेलं. डेस आणि हेझल उठायच्या बेतात होते. तिने हात वर करून त्यांना थांबवलं.

"एक मिनिट," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, चहा कोणाकोणाला हवाय असं विचारावं तसा. "आज वाटेत माझा माइक चालू राहिला होता. ज्याने काही ऐकलं नाही, त्याने येऊन हा घेऊन जावा."

जाळीवर चरबी टपकली, भडका झाला, कोणी तिकडे बघितलं नाही. माणसं आपापल्या पेल्यात बघू लागली. एकाने बुटाची नाडी सोडून परत बांधली. डेस लालबुंद झाला होता, खुर्चीच्या हाताला धरून बसला होता. ग्वेंडा उभी होती. कितीही वेळ उभं राहायची तिची तयारी होती. तिला वाटलं, आता कोणीतरी एक जण म्हणेल. एकानेही म्हटलं, मी ऐकलं, तरी पुरे. ती कप नदीत फेकून त्याच्या शेजारी जाऊन बसली असती.

खुर्ची करकरली.

हेझल उठली. तिने पँटला हात पुसले, गोल ओलांडून आली, आणि ग्वेंडाच्या डोळ्यांत न बघता दोन्ही हात पुढे केले. ग्वेंडाने कप सोडला नाही. हेझलने तो ओढला, हळूच, लेकराच्या हातातली सुरी काढून घ्यावी तसा. तो निघाला.

"थँक यू, ग्वेन," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "आमचा रेडिओ सकाळपासून बंदच होता. हो ना रे, डेस?"

"बंदच," डेस म्हणाला.

"आमचाही," पलीकडून कोणी म्हणालं. "त्या माळावर काही लागतंय थोडंच!"

मग टाळ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा चोरट्या, मग जोरात, मग माणसं उभी राहूनच वाजवू लागली. इतक्या टाळ्या क्लाइव्हलाही कधी मिळाल्या नव्हत्या. हेझलने कप डोक्यावर धरला. रॉस सुटल्यासारखा हसला आणि त्याने चिमटा उचलला.

"चला, चला," तो म्हणाला, "सॉसेज करपतायत. ग्वेंडा, तुला किती वाढू?"