पायातली चांदी

बिदरच्या जुन्या शहरातल्या त्या गल्लीत पिराजी शिरला तो पिशवी काखेत गच्च आवळूनच. पिशवीत त्याच्या बायकोचे, पद्माबाईचे, चांदीचे तोडे होते.

पद्माबाईला जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या घराण्यात सवाष्ण बाई गेली की वर्षाच्या आत तिचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात बसवायचा. मग ती घरच्या देवांत आली, सणावाराला तिचाही नैवेद्य निघाला. पोरगा सिद्धराम म्हणाला होता, "अप्पा, तयार टाक मिळतेत दुकानात. मी आणतो की." पिराजीने त्याला एवढंच विचारलं, "तयार टाकात तुझी माय कुठून यायची?"

टाक करायचा तर तिच्याच चांदीचा, आणि तोही डोळ्यांसमोर. हुमनाबादला एक सोनार "ठेवून जा, गुरुवारी या" म्हणाला. पिराजीने पिशवी उचलली आणि बिदरची बस धरली.

गल्लीत घराघरांतून ठोकाठोक ऐकू येत होती. तेवढं त्याला बरं वाटलं, पण बाकी काही पटेना. भिंती कामून रंगवल्या होत्या? एका भिंतीवर निळा हत्ती होता, दुसरीवर दाढीवाला माणूस सतार घेऊन बसला होता. दुकानांत काळ्या धातूच्या सुरया मांडलेल्या, त्यांवर चांदीच्या तारेची वेलबुट्टी. बाहेरगावचे लोक फोटो काढत होते, विकत कुणीच घेत नव्हतं. एका चहाच्या दुकानात तर पुस्तकांचं कपाट होतं. माणसाचं लक्ष इकडंतिकडं जावं आणि हात पिशवीवरून सुटावा, म्हणून हे सगळं मांडलंय, असं पिराजीच्या मनात आलं.

पुढे एक पोरगी शिडीवर उभी राहून भिंतीवर चित्र काढत होती. तिने वरूनच हाक मारली, "मामा, जरा तसंच थांबा ना! पटका लई झकास हाय. चित्रात घेते."

"मला घेऊन काय करायलीस? सरळ बोल."

"धनगर पाहिजे की. मेंढरं काढलीत, राखणारा कोण न्हाई."

पिराजीने भिंतीकडे पाहिलं. "मेंढरं हायेत व्हय ही? मला कुत्री वाटली."

पोरगी शिडीला धरून हसली. तिचं नाव मंजुश्री, कलबुर्गीच्या कॉलेजात चित्रं शिकत होती. टाक करणारं कुणी आहे का, असं पिराजीने विचारलं, तर तिने ब्रशानेच समोरचं दार दाखवलं. "दानेश्वरी अक्का. टाकाचे ठसे हायेत त्यांच्याकडं, त्यांच्या वडलांच्या वेळचे."

विचारलं त्याहून जास्त सांगायलीय, म्हणजे हिचीही वाटणी असणार, असं धरून पिराजी त्या दारात गेला.

दानेश्वरी चाळिशीची, कपाळाला विभूती लावलेली बाई होती. मांडी घालून ती एका तबकात तार ठोकत होती. पिराजीने तोडे काढले, पण हातातून सोडले नाहीत. "बायकूचा टाक करायचाय. हीच चांदी वापरायची. मी इथंच बसणार."

"बसा की अण्णा. हातात तर द्या आधी."

तिने तोडा उजेडात धरला, आतल्या बाजूने बोट फिरवलं आणि तो परत पुढे केला. "ही पायातली चांदी हाय. हिचा टाक न्हाई होत."

"चांदी ती चांदीच."

"देव्हाऱ्यात बसवायचाय ना? पायातलं देवात चालत न्हाई. माझ्याकडं कोरी चांदी हाय, वजनाला वजन घ्या. तोडे मी ठेवून घेते."

पिराजीच्या डोक्यात एकदम उजेड पडला. एवढा वेळ वाट बघत होता ती गोष्ट ही. हुमनाबादचा निदान गुरुवारी लुबाडणार होता, ही बाई तोंडावर लुबाडायलीय, आणि तेही देवाचं नाव घेऊन.

"ठेवून घेती म्हणं!" तो उठला. "चाळीस वर्षं मेंढरं राखलीत अक्का, लांडगा वळखतो मी."

"मग लांडग्याच्या दारात कामून आलात?" दानेश्वरी म्हणाली आणि पुन्हा तार ठोकू लागली.

बाहेर येऊन तो ओट्यावर बसला. मंजुश्रीने विचारलं, "झालं का काम, मामा?" तो पिशवीची गाठ पुन्हा आवळायला लागला. बाई खोटं बोलली, हे त्याला नक्की माहीत होतं. पण ती म्हणाली तसंच काहीतरी आधी कुठंतरी ऐकलेलं होतं आणि ते डोक्यातून जाईना. सोवळ्याओवळ्याचं, नैवेद्याचं, कुठल्या देवाला काय चालतं ते सगळं पद्माबाई बघायची. त्याला कधी काही लक्षात ठेवावं लागलं नव्हतं. अडलं की तिला विचारायचं. आताही त्याला तिलाच विचारायचं होतं.

शेवटी त्याने अफजलपूरला बहिणीला फोन लावला. "अंबिके, पायातल्या चांदीचा टाक चालतो का गं?"

"खुळा झालास का, दादा?" अंबिका तिकडून ओरडली. "पायातलं देवाच्या शेजारी ठेवतेत व्हय? वहिनी असती तर लाटणं घेऊन मागं लागली असती!"

त्याने फोन खिशात ठेवला. बाई खरं बोलली होती. पण त्यामुळे काम सोपं होण्याऐवजी अवघडच झालं होतं. कोऱ्या चांदीचा टाक केला तर पद्माबाई त्यात नाही. तोड्यांचा केला तर तिला देवांत जागा नाही.

तो परत आत गेला. "बहिणीला विचारलं," एवढंच म्हणाला.

"बरं केलंत. बसा." दानेश्वरीच्या बोलण्यात राग नव्हता. "कमरेच्या वरचं काही न्हाई का त्यांचं? गळ्यातलं, हातातलं?"

"एक सरी होती. पोरीच्या लग्नात गेली."

तिची नजर त्याच्या मनगटावर गेली. "आणि हे चांदीचं कडं?"

पिराजीने आपला हात असा पाहिला, जणू तो दुसऱ्याचा होता. "तिच्या बापानं घातलं, लग्नात. तिच्या आजीच्या हातातल्या गोठांचं केलेलं."

"मग हे तिचंच की."

"निघत न्हाई. हाडं जाड झाली."

"कापावं लागंल."

तिने मनगट आणि कडं यांच्या मध्ये चामड्याची पट्टी सरकवली आणि बारीक करवत घेतली. पिराजीने अनोळखी बाईच्या ऐरणीवर हात ठेवला, पण करवत टेकताच मागे ओढला. "हलवू नका, अण्णा. लांडग्याचे दात धारदार असतेत," ती म्हणाली. त्याला हसू आलं नाही, पण हात त्याने परत ऐरणीवर ठेवला.

कडं दोन ठिकाणी कापून निघालं. तिने तुकडे त्याच्या तळहातावर ठेवले, भट्टीला वारा दिला आणि मूस निखाऱ्यांत बसवली. मग आपल्या जागेशेजारी त्याच्यासाठी पाट सरकवला.

"या, असे समोर बसा. टाका तुमच्याच हातानं. वितळंपर्यंत नजर काढू नका, म्हणजे मागून बोलायला नको."

पिराजीने तुकडे मुशीत टाकले. थोड्या वेळाने त्यांच्या कडा लाल झाल्या, मग त्यांवरची घडीव वेल मऊ पडून बसायला लागली. तो उठला.

"कुठं निघालात? डोळ्यांसमोर पाहिजे ना?"

"तू कर, अक्का," पिराजी म्हणाला. "मला न्हाई बघवत."

तो बाहेर आला आणि दाराकडे पाठ करून उंबऱ्यापाशी बसला. आतून ठशावर हातोडीचे घाव ऐकू येईपर्यंत तो तिथून हलला नाही. मागेही वळला नाही.