दिवसाचे आकडे

इंजिनिअरिंगची पदवी घेऊन ती सागरविज्ञानाच्या अभ्यासक्रमाला आली, तेव्हा समुद्र म्हणजे तिच्या लेखी पडद्यावरची एक निळी रेघ होती. इथे अर्धा अभ्यास यंत्रांचा, अर्धा जिवांचा, आणि मार्गदर्शकही दोन. यंत्रांचे सर कायम कडक इस्त्रीत, म्हणून मुलं त्यांना मागून 'इस्त्री' म्हणत. जिवांच्या होत्या मोठ्या बाई. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिला बोटीवर घातलं.

कारखान्याचा पाइप खाडीत सुटत होता तिथला गाळ वर काढला, आणि सडक्या अंड्यांचा भपकारा नाकात घुसला. काळाकुट्ट, तेलकट गाळ. हातमोज्यातूनही बुळबुळीत लागणारा. ती कठड्यावर वाकून भडाभडा ओकली.

"झालं?" बाईंनी विचारलं. "तोंड धू आणि चाळणी धर."

चाळणीत उरायचे ते फक्त केसाएवढे लाल किडे, वळवळणारे, सगळे एकाच जातीचे. शिंपला नाही, खेकडा नाही. "दुसरं काही जगतच नाही इथे," बाई म्हणाल्या. "ह्यांना नावापुरता प्राणवायू मिळाला तरी चालतं."

घरी ताई तिला दारातच अडवायची. "सरळ न्हाणीघरात जा. तुझे भाऊजी जेवायला बसलेत."

"येऊ दे गं तिला," भाऊजी आतून ओरडायचे, "माझी भूक काही एवढी नाजूक नाही!" तरी ताट उचलून आतल्या खोलीत जायचेच.

गाळाच्याच जागी इस्त्रीसरांचं यंत्र तरंगत होतं. पाण्यातला प्राणवायू दर दहा मिनिटांनी मोजून ते आकडे पाठवायचं, आणि आकडे झकास होते. तळ मेलेला आणि वर पाणी ठणठणीत, हे काही तिच्या गळी उतरेना. तिने सरांना विचारलं.

"गाळ मागच्या वर्षांचं सांगतो, यंत्र आजचं सांगतं," सर म्हणाले. "गाळ परिशिष्टात टाक. पदवीच्या समितीला आलेखाची रेघ दाखव."

तिने मान हलवली. पुढचे सहा महिने ती मान हलवतच राहिली. समितीपुढच्या सादरीकरणाला चार दिवस राहिले, तेव्हा आलेख काढायला म्हणून तिने मूळ आकड्यांची फाइल उघडली. मूळ फाइलमध्ये रात्रीचे आकडे होते, आलेखात मात्र एकही नव्हता. सरांनी लिहिलेला प्रोग्राम त्यांना 'बिघाड' ठरवून वगळत होता. रात्री प्राणवायू जवळजवळ शून्यावर येत होता.

ती बोटवाल्याला घेऊन गेली आणि यंत्र उचललं. मोजणाऱ्या भिंगावर बोटभर जाड हिरवं शेवाळ चढलं होतं, शेंबडासारखं लोंबत होतं. दिवसा ऊन लागलं की शेवाळ प्राणवायू सोडायचं आणि यंत्र इमानदारीने तोच मोजायचं. खाडीचा पत्ताच नव्हता त्यात.

बोटवाल्याने नाक दाबलं. "हे काय हो, मॅडम? याला कधी कोणी पुसलंच नाही?"

ती तडक सरांच्या खोलीत गेली. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "सगळ्याच यंत्रांवर शेवाळ चढतं. ते पुढच्या टप्प्यात बघू. तुला वेळेवर पदवी हवी आहे ना?" मग डबी उघडून त्यांनी तिच्यापुढे पेपरमिंट धरलं.

तिने ते घेतलं. सवयीने तोंडातही टाकलं. जिन्यात आल्यावर तिला स्वतःचीच इतकी शिसारी आली की तिने ते तिथेच थुंकलं. गाळाने निदान काही लपवलं नव्हतं.

तरीही समितीपुढे ती उभी राहिली ती सरांचीच रेघ घेऊन. पहिला आलेख झाला, दुसरा झाला. तिचा आवाज तिलाच गुळगुळीत लागत होता. मग टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या सदस्याने चष्मा वर केला. "रात्रीचे आकडे कुठे आहेत?"

"बिघाड होता, वगळले," सर मागून म्हणाले.

"बिघाड नव्हता," ती म्हणाली. "बिघाड दिवसाच्या आकड्यांत आहे." आणि शेवाळापासून लाल किड्यांपर्यंत तिने सगळं ओकून टाकलं.

निकाल असा लागला: सगळी मोजणी पुन्हा, पदवी एक वर्ष पुढे, मार्गदर्शक फक्त मोठ्या बाई. तिला वाटलं, बाई पाठ थोपटतील.

"गाळ आणि यंत्र जुळत नाही हे तुला सहा महिने दिसत होतं," बाई म्हणाल्या. "माझ्याकडे का आली नाहीस?"

महिन्याभराने संस्थेत परिषद भरली. दालनात भिंतभर फलक लागले होते. त्यांतल्या एकावर तीच झकास रेघ होती, दिवसाच्या आकड्यांची. खाली सरांचं नाव, आणि त्याच्याखाली तिचं.

"तुझ्या कष्टांची कदर आहे मला," सर शेजारी येऊन हसले. तोंडाला पेपरमिंटचा वास. "जुनं मनात ठेवायचं नाही." त्यांनी हात पुढे केला.

तिने खिशातला मार्कर काढला आणि चार पाहुण्यांदेखत फलकावरचं आपलं नाव खोडलं, एक अक्षरही वाचता येणार नाही असं. सरांचा हात तसाच हवेत राहिला. त्या पांढऱ्याशुभ्र, स्वच्छ नखांच्या हाताकडे बघताना तिला जी किळस आली, तशी चाळणीतल्या कुठल्याच किड्याची कधी आली नव्हती.