थंड व कोरड्या जागी

वडिलांनी फ्रिजचं दार पुन्हा उघडलं, वाटीवरचं झाकण उचलून आत पाहिलं आणि दार लावलं.

“अंडी उबवायला ठेवलीत का तिथे?” टेबलाशी बसून कपड्यांच्या घड्या घालत आईने विचारलं.

“गोळ्या नीट आहेत ना, ते बघतोय.”

“सकाळपासून नीटच आहेत. त्यांना काय पाय फुटणार आहेत?”

पाय वडिलांना फुटले होते. ओट्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत. मुलगी चार वाजता येणार होती. तिचे गरम कपडे घ्यायचे आणि निघायचं, एवढंच तिने आईला फोनवर सांगितलं होतं. सातची बस होती. दुसऱ्या शहरात बबल टीच्या, म्हणजे चावायच्या मऊ गोळ्या घातलेल्या थंड चहाच्या, दुकानाची नवी शाखा ती सांभाळणार होती.

आठ महिन्यांपूर्वी रसायनशास्त्राचं शिक्षण अर्धवट सोडून ती त्या दुकानात लागली, तेव्हा वडील म्हणाले होते, “साखरेचं पाणी विकायला शिकवलं का तुला?” त्याच आठवड्यात ती मैत्रिणीकडे राहायला गेली. आईशी रोज बोलायची. वडिलांचा विषय निघाला की तिला नेमकं दुसरं काम आठवायचं. आज ती अशीच निघून गेली तर अबोल्याची दोघांनाही सवय होऊन जाईल, या विचाराने वडिलांना रात्रभर झोप नव्हती.

म्हणून त्यांनी हा घाट घातला होता. साबुदाणा ज्याचा करतात ते टॅपिओकाचं पीठ आणलं, गुळचट वासाच्या तपकिरी साखरेचं पाणी उकळून त्यात मळलं आणि गोळ्या वळल्या. औषधांच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी गोळ्याच तपासल्या होत्या. हाताखालच्यांची एकही चूक त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती, आणि ते लोक हे अजूनही विसरले नसावेत. दोनशे गोळ्या, सगळ्या एका मापाच्या. उकळल्या, पाकात घातल्या आणि सकाळी आठला फ्रिजमध्ये ठेवल्या. काम वेळेआधी तयार असलेलं बरं.

बेल वाजली. दार आईने उघडलं.

“टॅक्सी खाली थांबलीय,” मुलगी आत येता येता म्हणाली. ती बारीक झाली होती. केस कापले होते, ते तिला बरे दिसत होते. वडिलांना ते सांगावंसं वाटलं, पण तोंडातून निघालं भलतंच.

“दूध किती लागतं? मी तीन भाग चहा, एक भाग दूध असं धरलंय.”

मुलीने ओट्याकडे पाहिलं. थंड चहाची किटली, बर्फ, तीन उंच पेले, जाड नळ्या. मग आईकडे पाहिलं. आईने घडीतलं स्वेटर उगाचच उलगडलं.

“तुम्ही केलंत?”

“पाच मिनिटांचं काम आहे. नुसतं ओतायचं.”

त्यांनी वाटी पुढे केली. मुलीने चमच्याने एक गोळी उचलली, दाताखाली धरली आणि चावायची थांबली. वडील तिच्या जबड्याकडे बघत होते.

“फ्रिजमध्ये होत्या?”

“सकाळपासून. का?”

“खडू झालाय, बाबा. या फ्रिजमध्ये ठेवायच्या नसतात. चार तासांत संपवायच्या, नाहीतर फेकायच्या.”

“पण कुठलीही गोळी थंड व कोरड्या...” वडिलांचं वाक्य तिथेच राहिलं. ते ओशाळले. दोनशे गोळ्यांपैकी एकही पास झाली नव्हती.

मुलगी चमचा हातात घेऊन उभी राहिली. खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला.

“मीपण हेच केलं होतं,” ती म्हणाली. “पहिल्याच आठवड्यात. पातेलंभर गोळ्या नेऊन फ्रिजमध्ये ठेवल्या. मालकीणबाई विचारतात, कोणी शिकवलं तुला हे?”

“मग? काय सांगितलंस?”

“काय सांगणार? म्हटलं, घरी असंच असतं.”

“रागावल्या?”

“नाही. फक्त माझ्याच हाताने फेकायला लावल्या.”

वडिलांनी तिच्यासमोरची वाटी उचलली आणि कचऱ्याच्या डब्यात उपडी केली. पाकाने चिकटलेल्या शेवटच्या चार गोळ्या बोटाने खरवडून काढल्या. मग ते बराच वेळ हात धूत राहिले.

“पीठ उरलंय?” मागून मुलीने विचारलं.

“अर्धी पिशवी.”

तिने फोन कानाला लावला. “काका, तुम्ही निघा. आम्हाला तासभर तरी लागेल.”

आई स्वेटर घेऊन आतल्या खोलीत गेली आणि तिने दार अर्धवट ओढून घेतलं.

साखरेचं पाणी तापू लागलं. वडील पातेल्याशी उभे राहिले, एकदा मुलीकडे वळले, परत पातेल्याकडे.

“मी तेव्हा जे बोललो ना...”

“उकळी आली. आधी ओता. गार झालं तर पीठ धरत नाही.”

त्यांनी ओतलं. तिने भराभर मळलं, लांब वळ्या केल्या, सुरीने तुकडे पाडले. एकही तुकडा दुसऱ्यासारखा नव्हता. वडिलांनी ते पाहिलं आणि त्यातलाच एक उचलला. दोघं शेजारी उभे राहून वळू लागले. तिच्या वीस झाल्या तरी त्यांची पहिलीच चालली होती. तळहातावर फिरवून, उजेडाकडे धरून.

शेवटी त्यांनी ती गोळी तिच्यासमोर धरली.

“ही चालेल?”

मुलीने गोळी दोन बोटांत घेऊन फिरवली.

“इथे भेग आहे. उकळताना फुटेल.”

वडिलांनी मान डोलावली, गोळी परत घेतली आणि पुन्हा वळायला लागले.