विहिरीचं कुलूप

विश्वंभर आपटे मालगाडीचे गार्ड. सगळा जन्म शेवटच्या डब्यात गेला, त्यामुळे की काय, या माणसाला प्रत्येक गोष्ट सगळ्यांच्या मागून सुचायची. रिटायर झालं की रेल्वेचं क्वार्टर सोडावं लागतं, हे झाशीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. यांना ते नोकरीची दोन वर्षं उरल्यावर आठवलं. मग धावपळ करून लायनीपलीकडे नगरा नावाच्या वस्तीत दोन खोल्या बांधल्या आणि आवारात विहीर खणली. खडक फोडता फोडता हात टेकायची वेळ आली तेव्हा पाणी लागलं, तेही गोड. त्यांच्या बायकोनं, वसुंधरेनं, विहिरीची ओटी भरली आणि मजुरांना पेढे वाटले.

रिटायर होईपर्यंत घर भाड्यानं द्यावं म्हणून विश्वंभर सल्ला घ्यायला गोविंदरावांकडे गेले. गोविंदरावांचे पूर्वज गुरसरायच्या जहागिरीत कारकून होते. आता शहरात त्यांची बरीच घरं भाड्यानं होती. भाडेकरूंविषयी ते असे बोलत, जसे काही लोक उंदरांविषयी बोलतात.

“आपल्या मराठी माणसाला देऊ नका,” गोविंदराव म्हणाले. “आपल्या माणसाला निघा म्हणता येत नाही. गणपतीत भेटतो, हळदीकुंकवात त्याची बायको भेटते, तोंड कुठे लपवणार? परका बघा. नवीन लग्न झालेलं जोडपं बघा, पोरंबाळं नसली की भिंती शाबूत राहतात.”

“आणि वेळेवर निघालाच नाही तर?”

“तर भांडायचं नाही, कचेरीची पायरी चढायची नाही. विहिरीला कुलूप घालायचं. विचारलं तर हात जोडून सांगायचं, भैया, गाळ काढायचाय. पुढचं काम झाशीचा उन्हाळा करतो.” आणि स्वतःच्या हुशारीवर ते मनापासून हसले.

विश्वंभरांनी परका बघितला. जयसिंग, इंजिन शेडमधला खलाशी, म्हणजे हरकाम्या मजूर, बरुआसागरकडचा. त्याची बायको गेंदा, हसरी, कामसू. पण परका परका राहायला घरात वसुंधरा नसायला हवी होती. पंधरा दिवसांत गेंदा तिला जिज्जी म्हणायला लागली आणि लोणच्याच्या बरण्या लायनीपलीकडे जायला लागल्या. “पानी में संकोच मत करना,” वसुंधरेनं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “विहीर तुझीच समज.” मराठी गेंदाला कळली नसेल, पण बोलण्यातली माया कळली.

जूनअखेर विश्वंभर रिटायर होणार होते. मे महिन्यात त्यांनी जयसिंगला घर सोडायला सांगितलं.

जयसिंगनं हात जोडले. “बाबूजी, सातवाँ महीना चल रओ है. जचकी हो जान दो, फिर हम खुदई खाली कर दैहें.”

मागणं रास्त होतं. बाळंतपणापर्यंत आपटे नवराबायकोनं कुठेतरी एक खोली भाड्यानं घेतली असती तर काय बिघडलं असतं? पण एकदा घरमालक झाल्यावर पुन्हा भाडेकरू होणं या माणसाच्या जिवावर आलं. क्वार्टर जाणार आणि आपलं घर असून आपण रस्त्यावर येणार, या धास्तीनं त्यांना झोप लागेना. अखेर नौतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू झाला, आकाशातून नुसती आग बरसायला लागली, तेव्हा त्यांनी विहिरीवर लाकडी झाकण बसवलं आणि कुलूप ठोकलं. बायकोला यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

“गाद निकालनी है,” ते गेंदाला म्हणाले.

गेंदानं लगेच विश्वास ठेवला. “मजूर कब आएँगे, बाबूजी? उनके लिए सत्तू घोल दूँगी.”

आसपासच्या विहिरी केव्हाच आटल्या होत्या. जयसिंग कामावर जाण्याआधी पाणी आणून ठेवी, ते दुपारपर्यंत संपे. मग उरे एकच जागा. यार्डात, रुळांच्या मधोमध, इंजिनांना पाणी भरायचा उंच नळ होता आणि अडलेल्या बायका तिथे घडे भरत. त्याच रुळांवर शंटिंग चाले. इंजिन डब्याला धक्का देऊन थांबतं, डबा आपला एकटा, आवाज न करता घरंगळत जातो. कॉलनीतल्या प्रत्येक पोराला विश्वंभर सांगत आले होते, “इंजिनाला भिऊ नका रे, ते ओरडत येतं. सुट्या डब्याला भ्या.”

एका दुपारी त्यांची मालगाडी यार्डातून निघाली तेव्हा त्यांना गेंदा दिसली. डोक्यावर भरला घडा, एक हात पोटाखाली. बाबूजींना ओळखून तिनं पदर पुढे ओढला आणि गाडी जाईपर्यंत अदबीनं उभी राहिली. विश्वंभरांनी तोंड फिरवलं. आता निघतीलच दोन-चार दिवसांत, असं त्यांच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच वाटेवर सुट्या डब्याखाली गेली. डोक्यावर भरला घडा असला की मान वळत नाही.

क्रियाकर्म उरकून जयसिंग क्वार्टरवर आला. डोकं भादरलेलं, डोळे कोरडे. त्यानं किल्ली उंबऱ्यावर ठेवली.

“घर खाली है, बाबूजी.” वळता वळता तो थांबला. “कुआँ की गाद निकर गई?”

“कसला गाळ?” आतून वसुंधरेनं विचारलं. ती बाहेर येऊन नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली. गेंदा यार्डातल्या नळावर का जात होती, ते तिला त्या तोंडावरच कळलं. जयसिंग गेल्यावर ती तिथेच उंबऱ्यावर बसून मोठ्यानं रडली.

जूनअखेर ते नगऱ्यातल्या घरात राहायला आले. गोविंदराव नारळ घेऊन आले, म्हणाले, “बघा, सुटलं की नाही घर?” वसुंधरेनं त्यांना पाणी विचारलं नाही.

विश्वंभरांनी कुलूप काढलं, पहिला घडा स्वतः शेंदून स्वयंपाकघरात ठेवला. वसुंधरेनं तो अंगणात ओतला, तोच रिकामा घडा डोक्यावर घेतला आणि फाटकाबाहेर पडली.

“अगं, कुठे चाललीस? दारात विहीर आहे ना.”

“आहे. पण गाळ काढायचाय,” ती म्हणाली आणि यार्डाच्या वाटेला लागली.

त्या दिवसापासून रोज हेच. विश्वंभर रडले, पाया पडले. एकदा स्वतः नळावरून घडा भरून आणला. तोही तिनं ओतला. सोबत यायला निघाले तर ती जागची हलेना. आता ती गेली की ते दारात बसून कान देतात. यार्डात इंजिनं ओरडत असतात तोवर ते बसलेले असतात. यार्ड शांत झालं की उठून उभे राहतात.