चारशे बारा पत्ते

“बाई, ही माझी पोरगी. हिचा काय निरोप आलाय का तुमच्याकडं?”

लीलाबाईंनी संगणकावरून मान वर केली. दारात साठीचा, ताठ कण्याचा माणूस उभा होता. हातात गेल्या दिवाळीचं वार्तापत्र, घड्या पडून मऊ झालेलं. बोट शिवांजलीच्या नावावर.

सांगलीतल्या त्या कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय संबंध विभागात लीलाबाई बावीस वर्षं कारकून होत्या. एम.ए. झालेली मुलं दिल्लीला, नैरोबीला, जिनिव्हाला जायची आणि तिथून आपली खबर लीलाबाईंना कळवायची. नेमणुका, लग्नं, पुरस्कार, निधन. वर्षातून दोनदा त्या सगळं नीट लावून वार्तापत्र काढायच्या. स्वतः मात्र पलूसहून एसटीनं यायच्या आणि एसटीनंच परत जायच्या.

नवा अंक आज पाठवायचा होता. पहिल्याच पानावर शिवांजली होती. सुदानच्या राजधानीत, खार्टूममध्ये, एका मदतसंस्थेत अधिकारी. आणि त्याच शहरात शनिवारी सकाळी लढाई पेटली होती. आज मंगळवार.

“बसा भाऊ,” लीलाबाई म्हणाल्या. “तुमच्याशी कवा बोलली?”

“शनवारी. जिन्याखाली बसलोय म्हनाली. गोळ्यांचा आवाज मलाबी ऐकू आला. चोवीस वर्सं फौजेत काढली बाई, आवाजावरनं कळतंय, लय जवळ हुत्या. मग फोन बंद. लाइट न्हाई तिकडं.” शिवांजलीचे वडील आकाराम कुंडलहून पहिल्या गाडीनं आले होते. “दिल्लीला, परराष्ट्र खात्यात, फोन केला. नाव लिहून घेतलं त्यांनी. घर कुठलं, गल्ली कुठली इचारत्यात. मला कुठं ठाव हाय? म्हनलं, तिचा पत्ता तुमच्याकडं तरी असंल.”

यादीत शिवांजलीच्या नावापुढं फक्त ईमेल होता. लीलाबाईंनी तो दाखवला. आकारामांनी तो दोनदा वाचला.

मग लीलाबाईंना फोटो आठवला. महिन्यापूर्वी शिवांजलीनं घरासमोर उभं राहून काढलेला फोटो पाठवला होता. विभागप्रमुख साहेबांनी नुसता चेहरा ठेवायला सांगितला, म्हणून बाकीचा भाग लीलाबाईंनीच कापला होता. मूळ फोटो त्यांनी उघडला. शिवांजलीच्या मागं एक दुकान होतं, वर हिरवी पाटी. अक्षरं अरबी.

“ह्येच घर तिचं?” आकाराम खुर्चीतून उठले.

“वरच्या मजल्यावर राहते, असं लिहिलं होतं तिनं.”

पाटी वाचणारं कोण? चारशे बारा माजी विद्यार्थ्यांमध्ये कुणीतरी असणारच. पण ती यादी साहेबांच्या परवानगीशिवाय वापरायची नाही, असा लेखी आदेश लीलाबाईंच्या टेबलाच्या काचेखालीच होता. साहेब पुण्याला बैठकीत होते. लीलाबाईंनी त्यांना दोनदा फोन लावला. बंद.

अकरा वाजून दहा मिनिटांनी लीलाबाईंनी पत्र लिहायला घेतलं. इंग्रजी त्यांना वाचता यायचं, लिहायचा धीर व्हायचा नाही. त्यांनी मराठीत लिहिलं: ‘आपली शिवांजली अडकली आहे. मागची पाटी कुणाला वाचता येते का? तिचे वडील माझ्यासमोर बसले आहेत.’ फोटो जोडला आणि पत्र सगळ्यांना पाठवलं.

पंधरा मिनिटांत उत्तरं सुरू झाली. काळजी घ्या. प्रार्थना करतो. बातमी वाचून धक्का बसला. संगणकाच्या प्रत्येक ‘टिंग’ला आकाराम पुढं वाकायचे आणि लीलाबाई मान हलवायच्या.

बारा वाजता मदिहाचं उत्तर आलं. मिरजेची मुलगी, दहा वर्षांपूर्वीची विद्यार्थिनी, आता सौदीतल्या जेद्दाला मालवाहतुकीच्या कंपनीत. ‘बाई, ते औषधाचं दुकान आहे. खाली फोन नंबर आहे. लावते.’

पुन्हा अर्ध्या तासानं: ‘लागत नाही. लावत राहते.’

सव्वातीनला टेबलावरचा फोन वाजला. साहेब होते. यादीत त्यांचंही नाव होतं.

“कुणाला विचारून पाठवलंत?”

“तुमचा फोन लागत नव्हता, सर.”

“जिथं गोळीबार चाललाय तिथल्या मुलीच्या घराचा फोटो चारशे लोकांना? उद्या तो कुणाच्या हातात पडला तर जबाबदार कोण?”

 हा विचार लीलाबाईंनी केलाच नव्हता. समोर आकाराम त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

“ताबडतोब दुसरं पत्र पाठवा. पहिलं रद्द समजावं म्हणून.”

“ते पाठवलं तर मदिहा फोन लावायचं थांबेल, सर.” लीलाबाई म्हणाल्या. “तेवढं नाही करणार मी. उद्या काय तो मेमो द्या.”

फोन ठेवल्यावर त्यांनी हात पदराखाली घेतले.

“माझ्यापायी तुमची नोकरी...”

“निवृत्तीला अकरा महिने राहिल्यात, भाऊ. तुम्ही बसा.”

शिपाई कुलूप घेऊन दोनदा येऊन गेला. पाच चाळीसला लीलाबाईंच्या मोबाईलवर मदिहाचा आवाज आला. दुकानदारानं फोन उचलला होता. तो त्याच इमारतीत, मागच्या खोलीत राहत होता. त्यानं फोन जिन्याखाली नेऊन शिवांजलीच्या हातात दिला होता. तिथलं बोलणं मदिहानं रेकॉर्ड करून पाठवलं होतं. अकरा सेकंदांचं.

‘आप्पा, मी हाय. सोळा जणं हाय आमी. पानी हाय अजून. मम्मीला सांगा, जेवले म्हनून.’

आकारामांनी ते परत लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

“जेवली न्हाई ती,” ते म्हणाले. “जेवली असती तर सांगितलंच नसतं.” आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले.

दुकानदारानं सांगितलेलं गल्लीचं नाव आणि माणसांची संख्या मदिहानं त्याच संध्याकाळी दिल्लीला कळवली. पुढचे नऊ दिवस कुंडलमध्ये आकाराम आणि त्यांची बायको अंजना यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. दहाव्या दिवशी शिवांजली बस, जहाज आणि विमान करत मुंबईला उतरली. सोळातले चौदा जण बाहेर पडले होते.

लीलाबाईंना मेमो मिळाला. वार्तापत्राचं काम एका कंपनीकडं गेलं आणि लीलाबाई परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायला. पुढच्या अंकात ‘विभागाच्या तत्परतेमुळे माजी विद्यार्थीनी सुखरूप’ असं छापून आलं. बातमीत लीलाबाईंचं नाव नव्हतं. त्यांनी अंक वाचला आणि ‘विद्यार्थिनी’तली ऱ्हस्व-दीर्घाची चूक मनातल्या मनात सुधारली.

जूनमध्ये एका दुपारी शिवांजली त्यांना शोधत आली. गळ्याची हाडं दिसत होती. समोरच्या स्टुलावर बसली.

“बाई, तुम्ही पाठवलेलं पत्र मी नंतर वाचलं,” ती म्हणाली. “त्यात तुम्ही...”

तेवढ्यात शिपायानं लोखंडी कपाटाचं दार आपटलं.

शिवांजली स्टुलावर नव्हती. ती टेबलाखाली होती, दोन्ही हात डोक्यावर, गुडघे छातीशी. शिपाई हसायला लागला आणि मग एकदम थांबला.

लीलाबाई उठल्या. गुडघे दुखत होते, तरी टेबलाचा कोपरा धरून त्या हळूहळू खाली बसल्या, फरशीवर, तिच्याशेजारी. अंगाला हात लावला नाही. नुसत्या बसल्या.

“बाई, गठ्ठे न्यायला गाडी आलीया,” दारातून कुणीतरी म्हणालं.

“थांबू दे जरा,” लीलाबाई टेबलाखालून म्हणाल्या.