चिऱ्याखालची दोरी

एका धडधाकट मुलीला तुम्ही जिवंतपणी गाडलंत आणि आळ घातलात माझ्यावर! मी बोलतोय, रोदोपी डोंगरातल्या एका घराच्या पायाचा कोपऱ्यातला चिरा. माझं एक तोंड रस्त्याकडे आहे, म्हणून सगळं पाहिलंय. साठ वर्षं गप्प बसलो. आता पुरे.

आमच्याकडे पाया भरताना गवंडी गुपचूप कुणाची तरी सावली दोरीनं मापतात आणि ती दोरी चिऱ्याखाली पुरतात. म्हणे घर टिकतं. पण ज्याची सावली पुरली, त्यानं गाव सोडलं की तो मेलाच!

त्या दिवशी घरमालकाची मुलगी स्तामेना पाण्याचे बुधले लादलेलं गाढव घेऊन आली. गवंडी कोल्यो दोरी घेऊन तिच्यामागे वाकला. मग थबकला.

"तू जा बाई शिकायला," तो पुटपुटला. "या गाढवाला कुठं शाळेत जायचंय!"

आणि त्यानं गाढवाची सावली मापली. शेजारणीला मात्र दिसली वाकलेली पाठ आणि पुढं चाललेली मुलगी. संध्याकाळपर्यंत स्तामेनाची सावली पुरल्याचा गावभर बोभाटा झाला. कोल्यो तोंड उघडेना. गाढवाच्या सावलीवर घर बांधणाऱ्याला पुन्हा काम कोण देणार?

स्तामेनाला शिक्षिका व्हायचं होतं. घर उभं राहिलं, तेव्हा प्लोव्दिव शहरात शिकायला जायला तिची पेटी भरून तयार होती.

"आई, दोरीनं कुणी मरतं का गं?"

"नसेल मरत," आई म्हणाली. "पण प्लोव्दिवात मुली पुष्कळ आहेत. मला एकच आहे."

पेटी माळ्यावर गेली.

गाढव त्यानंतर अकरा वर्षं दर मंगळवारी खालच्या गावच्या बाजाराला गेलं आणि ठणठणीत परत आलं. स्तामेना त्याला वळणापर्यंत सोडायची आणि मागं फिरायची. दर मंगळवारी मी आतल्या आत ओरडायचो. पण सगळं घर माझ्या छाताडावर. मी तसूभर हलू शकत नाही.

आता आईबाप गेले. गावात तीनच धुराड्यांतून धूर निघतो. अरे, कुणीतरी मला उकरा! ती दोरी तिच्या हातात द्या. घर पडलं तर पडू दे.

आज शहरातून पाव घेऊन येणारी बस आली, तेव्हा स्तामेनाच्या हातात पेटी होती. तिनं एक पाय पायरीवर ठेवला, वळून घराकडे पाहिलं आणि तशीच उभी राहिली.

"आजी, वर या नाहीतर खाली उतरा," ड्रायव्हर म्हणाला. "उतारावर गाडी फार वेळ धरता येत नाही."